फॉल लावणारी

अंबडला आमच्या गल्लीत ती साड्यांना फॉल लावून द्यायची. केबलवर तेव्हा मेक्सिकोतल्या बायकांच्या गोष्टी हिंदीत लागत. रोज नवी बाई, नवं दुःख. हातातली साडी घेऊनच ती माझ्याकडे बघायला यायची आणि पडद्यावरच्या बाईशी भांडायची. "अगं, गप काय बसलीस? बोल की!" मग मला विचारायची, "वहिनी, इतक्या लांबच्या बायाबी मारच खाऊन राह्यल्या व्हय?"

शेजारचा बायकोला मारायला लागला, की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. कित्येक वर्षं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळीही वाढवला. तिनं उठून टीव्हीच बंद केला. "वहिनी, शेजारच्या हिचं ऐकू येत न्हाई का?"

शेजारच्या दारावर थापा मारत ती ओरडली, "भाऊ, दार उघड! उघडंस्तोवर मी हालत न्हाई." आणि पायरीवरच बसली. मीही तिच्याजवळ जाऊन बसले. मग समोरची आली, कोपऱ्यावरची आली.

दार उघडलं. शेजारीण बाहेर आली आणि आमच्यात जागा करून बसली.