भरीव दुचाकी

बोटाच्या पेराने ठक् ठक् वाजवून पाहिल्याशिवाय आमच्या शेजारचे काका कोणतीच वस्तू घरात घेत नसत. "आत काय आहे? पोकळ असेल तर नको." कल्याणात त्यांचे भांड्यांचे दुकान होते. सून पाहायला गेले तेव्हा त्यांनी मुलीच्या हातातल्या पाटल्याही वाजवल्या. आम्ही बायका पदरात तोंड घालून हसलो. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

त्यांचा मुलगा गावोगाव लहान मुलांना देवी टोचण्याच्या नोकरीत होता. मानपाड्याकडची गावे त्याच्याकडे. सकाळीच पोचावे लागे. ऊन चढले की बाया मुले घेऊन शेतावर जात.

ठाण्याचा एक साहेब विलायतेस जाताना दुचाकी विकत होता, ती मुलाने आणली. एका हाताने उचलून बायकोला दाखवली. काकांनी सांगाड्याची नळी वाजवली.

"अरे, पोकळ! साहेबानं तुला गंडवलं."

"अप्पा, पोकळ म्हणूनच हलकी आहे. हिसकेही कमी बसतात."

"माझ्या घरातलं कुणी पोकळ लोखंडावर बसणार नाही."

लोहाराकडून त्यांनी भरीव सळयांचा सांगाडा घडवला. चाके तेवढी साहेबाची. घर बांधताना कर्त्या पुरुषाच्या हाताचे माप घेतात, तसे त्याला मापही स्वतःचेच दिले. काका ताडमाड, मुलगा ठेंगणा.

तो आमच्या ओट्यावरून चढे. वाटेत उतरला तर पुन्हा चढायला दगड शोधावा लागे. चढावर ते ओझे ढकलीत नेई. पायी लवकर पोचला असता. पण वडिलांनी करवून घेतलेली वस्तू दारात ठेवून जायचे कसे? संध्याकाळी बायको त्याच्या पाठीला तेल चोळी, ते कण्हणे भिंतीपलीकडे मला ऐकू येई.

"एवढी आदळते, पण एक सांधा हलला नाही!" काका म्हणत.

"माझे हलले, अप्पा," तो हसून म्हणे.

पुढे हसणे थांबले. तो पोचेपर्यंत गावे रिकामी होत. वरिष्ठांनी बजावले, मग काढून टाकले.

"दुचाकी चांगलीच आहे," काका म्हणाले, "पोरातच दम नाही."

मुलाने ते ऐकले. पहाटे तो पायीच निघून गेला. कोणी म्हणे एडनला, कोणी म्हणे कराचीला.

काका वारले तेव्हा अग्नी पुतण्याने दिला. तेराव्याला एक नातलग बाई सुनेच्या कपाळाकडे पाहत म्हणाली, "अगं, कुणाच्या नावाचं लावतेस अजून?"

"आहेत ते," म्हणून ती वाढायला उठली. पंक्तीत नवऱ्याची जागा तिने मोकळी ठेवली होती. त्या पानावर भात वाढला, वर तूप सोडले. जेवणे उरकली, तरी ते पान तिने कोणाला उचलू दिले नाही.