काकूंची पाच मिनिटं

अमेरिकेत, ॲन आर्बरला आल्यावर पहिलं वर्ष मी नुसती फिरत होते. नवरा विद्यापीठात संशोधन करायचा. त्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात सहा वर्षं शाळेत शिकवलेली मी इथे घासलेली भांडी पुन्हा घासायचे, बसमध्ये बसून गावभर हिंडायचे आणि आपला स्टॉप आला तरी उतरायचे नाही.

मराठी मंडळात एका काकूंची ओळख झाली. भूल देणाऱ्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. २००६च्या वसंतात गावातल्या विनोद महोत्सवाला बिनपगारी मदतनीस हवे होते. "घरात बसून दोघींनाही वेड लागेल," असं म्हणून त्या स्वतःबरोबर माझंही नाव देऊन आल्या.

महोत्सव म्हणजे चर्चचं तळघर, पुस्तकांचं दुकान, कॉफी शॉप, जिथे माईक उभा राहील तिथे कार्यक्रम. बाहेरगावचे कलाकार गावकऱ्यांच्या घरी उतरत. काकूंकडे शिकागोचा एक जण होता. ओठ हलवत परसात येरझाऱ्या घालायचा. पोहे दिले तर तेही उभ्यानेच खाल्ले त्याने. मला तो एकदम आपला वाटला.

त्याच्याच आग्रहाने काकूंनी नवख्यांच्या कार्यक्रमात नाव दिलं. शनिवारी दुपारी, पाच मिनिटं. आठवडाभर गाडी चालवताना त्या मला विनोद ऐकवत होत्या.

"हसलीस का? खरं सांग."

"हसले की!"

"दात तर दिसले नाहीत."

शनिवारी माझं काम सोपं होतं. तळघरात सगळ्यात मागे उभं राहायचं आणि चार मिनिटं झाली की बोलणाऱ्याला लाल टॉर्च दाखवायचा, म्हणजे आता आवरतं घ्या.

काकूंचा पहिला विनोद पडला. दुसरा त्या विसरल्या. पन्नास-साठ माणसं गप्प. काकू माईकची वायर बोटाला गुंडाळत उभ्या. मला ते बघवेना. घड्याळात जेमतेम दोन मिनिटं झाली होती, तरी मी टॉर्च लावला.

काकूंनी डोळ्यांवर हात आडवा धरून मागे पाहिलं आणि माईकवरूनच, मराठीत, ओरडल्या, "अगं, बंद कर तो! माझी वेळ व्हायचीय अजून!"

लोक हसले. शब्द कळले नव्हते, पण रागावणं कळलं होतं. मग काकू इंग्रजीत म्हणाल्या, "तिला मी लवकर जायला हवीय. आमच्या घरातून एक जण लवकर गेला, तेवढं पुरे."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग हसलेच सगळे. काकू पाठ केलेलं सोडून काकांवर बोलू लागल्या. चाळीस वर्षं परक्या माणसांना झोपवलं, पण नवऱ्याला कधी झोपवता आलं नाही. मध्येच उठून स्वयंपाकघरात खुडबुड करायचे. "आता घर अगदी शांत आहे," त्या म्हणाल्या, "आणि जागी मी असते." पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता डोळे पुसू लागली. मी टॉर्च दाखवायचं विसरलेच. काकू सात मिनिटं बोलल्या.

परतताना गाडीत काकूंनीच विषय काढला.

"तुला वाटलं, मी आपटले."

"हो. बघवेना मला."

"मग मान खाली घालायचीस. मला का उतरवायला निघालीस?"

मला रडू फुटलं. त्या चिडून म्हणाल्या, "तू रडू नकोस बाई, मी ड्राइव्ह करतेय." त्यांचाही आवाज फाटला होता.

दोन वर्षांनी काकू मुलाकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला राहायला गेल्या. त्या वर्षी मी नवख्यांच्या कार्यक्रमात माझं स्वतःचं नाव दिलं आणि दोन दिवस आधी कॅन्सल केलं. फोनवर काकूंनी विचारलं, "का गं?"

"माहीत नाही."

"मग परत दे. नाहीच म्हणाले तर तसं सांग."

ते नाही म्हणाले नाहीत. मी शाळेतल्या तासांवर बोलले. लोक दोनदा हसले, त्यातलं एकदा भलत्याच जागी.

"दोनदा म्हणजे बरंच की," काकू म्हणाल्या.

मला काही ते बरंच वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मी कागद काढला आणि पहिलं वाक्य खोडून पुन्हा लिहायला बसले.