टॅकेटची पाठ

ऑर्विल टॅकेटची पाठ गावोगावच्या थिएटरांतून लोकांनी पाहिली होती. तोंड कुणीच नाही. बारा वर्षं तो हॉलिवूडच्या स्वस्त काउबॉयपटांत नायकाच्या जागी घोड्यावरून पडत आला. टोपी नायकाची, हाडं टॅकेटची.

यंदा मात्र त्याला शेरीफच्या हाताखालच्या माणसाचं काम मिळालं. कॅमेऱ्याकडे तोंड करून तीन वाक्यं, मग गोळी लागून घोड्यासकट कड्यावरून खाली. बायकोने, मॉडीनने, लगेच ओक्लाहोमाला सासूला कळवून टाकलं. ती म्हातारी दर शनिवारी सिनेमाला बसायची आणि अधू नजरेने प्रत्येक टोपीखाली लेकाला शोधायची. बारा वर्षांत भेट नव्हती.

शूटिंगच्या सकाळी टॅकेटला दिलेल्या चौकडीच्या शर्टाची बटणं लागेनात. दिग्दर्शक क्रेब बघत उभा राहिला.

"राहू दे, टॅकेट. पडण्याचा तुकडा आपण जुनाच जोडणार आहोत. त्यातला गडी काटकुळा आहे."

"साहेब, तो गडी मीच आहे."

"होतास."

"मग पुन्हा पडतो. म्हणाल तितक्यांदा पडतो."

"सहा दिवसांत सिनेमा उरकायचाय बाबा. तयार पडलेलं असताना नव्याने कशाला पडायचं?"

टॅकेटचं डोकं फिरलं. ते एकच पडणं कंपनीने फिल्मच्या डब्यात जपून आजवर नऊ सिनेमांना डकवलं होतं. त्यातच त्याचं खुब्याचं हाड मोडलं, सहा महिने खाटेवर काढताना अंग सुटलं, आणि आता तेच पडणं तोंडचा घास काढून नेत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायचं तरी कुणावर?

काम डेल नावाच्या सडपातळ नटाला गेलं. दुपारी क्रेबने टॅकेटला पुन्हा हाक मारली.

"याला घोड्यावर बसायला शिकव. तू डावीकडे कलून बसायचास ना, तस्संच दिसायला हवं."

टॅकेटने शिव्या घालत शिकवलं, आणि काम म्हटल्यावर चोख शिकवलं. आईला खरं कळवायला मात्र त्याची जीभ रेटेना.

सिनेमा लागला आणि शरद संपता संपता आईचं पत्र आलं. मॉडीनने वाचून दाखवलं.

"पाहिलं रे तुला, पोटभर पाहिलं. तोंड फार बदललंय, रस्त्यात ओळखलं नसतं. पण घोड्यावरचं बसणं तुझंच."

मॉडीनने कोरा कागद पुढे ओढला. "काय लिहू?"

"लिही," टॅकेट म्हणाला, "तब्येत बरी आहे म्हणावं."