व्हर्नाने सोडलेली जागा

शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही, हे आमच्या ओहायोत गावच मतदानाने ठरवतं. गावाने लागोपाठ तिसऱ्यांदा नाही म्हटलं आणि शाळा मंडळाने प्राथमिक शाळेला कुलूप लावायचं ठरवलं. फुटबॉलच्या मैदानाचे दिवे मात्र राहिले. त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही.

त्या शाळेच्या ऑफिसात व्हर्ना ह्राबाक सत्तावीस वर्षं होती. कुठल्या पोराला शेंगदाणा चालत नाही, कुठल्या बापाला पोर न्यायला कोर्टाची बंदी आहे, सगळं तिला तोंडपाठ. मी शाळेची बस चालवतो आणि कर्मचारी संघटनेचं कामही बघतो, म्हणून कागद घेऊन तिच्याकडे जायची पाळी माझ्यावर आली.

आमचा नियम असा, की जुन्या माणसाची जागा गेली तर त्याने नव्याची घ्यायची आणि नव्याने घरी बसायचं. व्हर्नाच्या वाट्याला हायस्कूलच्या ऑफिसातली ब्रिजेट प्रुइटची जागा येत होती. ही ब्रिजेट लहानपणी केस न विंचरताच शाळेत यायची. व्हर्ना तिला ऑफिसात बसवून वेण्या घालायची. पुढे तिला कामाला चिकटवली तीही व्हर्नानेच.

"अर्ल, दुसरं कुणी सापडलं नाही का रे तुला?"

"मी कोण ठरवणारा? यादी आहे ती."

"मग यादीलाच पाठव ब्रिजेटला सांगायला."

सही केली नाही तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर दवाखान्याचा विमा, आणि नवरा लेनर्ड आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. तरी चार दिवस कागद तिच्या टेबलावर तसाच पडून. शेवटी ब्रिजेटच आली.

"मिस व्हर्ना, सही करा बघू."

"तुझी पोरगी लहान आहे गं."

"आणि लेनर्डना काही झालं तर मी तोंड कुठे लपवू? करा म्हणते ना!"

व्हर्नाने सही केली. मला दोघींकडे बघवेना. ब्रिजेटने आठवडाभर तिला सगळं काम समजावून दिलं आणि गावाबाहेरच्या गोदामात खोकी भरायला गेली.

लेनर्ड ऑक्टोबरात गेला. दफनानंतर चौथ्या दिवशी व्हर्ना मला शोधत बसपाशी आली.

"मी नोकरी सोडली तर ब्रिजेटला परत घेतील?"

"परत बोलवायच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे. घ्यावंच लागेल," मी छातीठोकपणे सांगितलं.

"मग लिहून दे मला राजीनामा. आता विमा कुणासाठी हवाय?"

पूर्ण पेन्शनला तीन वर्षं कमी पडत होती. मी तो विषय काढला, तर तिने मला गप्प केलं.

मंडळाच्या बैठकीला ती ब्रिजेटला घेऊनच आली. ब्रिजेट इस्त्रीचे कपडे घालून आली होती. राजीनामा मंजूर झाला. अध्यक्षबाईंनी व्हर्नाचे आभार मानले, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग खजिनदार म्हणाला, ही जागा यापुढे भरायची नाही, तूट भरून काढायला तेवढाच हातभार. मंडळातले सगळे हात वर झाले.

रिकाम्या जागेवर काढलेल्या माणसाला आधी बोलवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. जागा भरायलाच हवी असं मंडळावर बंधन नाही, हे मी वाचलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली, अजूनही वाटते.

ब्रिजेट व्हर्नाच्या पाठीवरून हात फिरवत होती. व्हर्ना माझ्याकडे वळली.

"अर्ल, घ्यावंच लागेल म्हणाला होतास ना तू?"