यादीखालची सही

मरोळच्या त्या ऑफिसात माणिक परुळेकरशी कोणाचं पटत नसे, आणि तिला त्याची तमा नव्हती. कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. भाऊरावांनी ती काढली तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नऊ स्क्रीन होत्या: रुग्णाची नोंदणी, बिल, औषधं, असल्या. मग प्रत्येक हॉस्पिटल आपापलं मागत गेलं आणि आकडा चारशे बारावर पोहोचला. मध्यंतरी तर रुग्णाचा नुसता पत्ता बदलायला तीन ठिकाणी तीन वेगळ्या स्क्रीन होत्या, आणि करणाऱ्या तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तेव्हा भाऊरावांनी स्क्रीनवर लक्ष ठेवायचं काम माणिकच्या गळ्यात घातलं. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. तिने प्रत्येक स्क्रीनला नंबर दिला. ती कुठून उघडते, तिथून पुढे कुठे जाता येतं, कोण वापरतं, मुळात केली कशासाठी, सगळं रजिस्टरात मांडलं. ऑफिसात बसून नव्हे. हॉस्पिटलात जाऊन नर्सच्या खुर्चीमागे तासन् तास उभं राहून. तिने नंबर दिल्याशिवाय नवी स्क्रीन आत जात नसे, आणि दहातल्या सहांना ती नाहीच म्हणायची. स्क्रीन बनवणारी ऑफिसातली पोरं तिला ‘टोलनाका’ म्हणत. तिच्या कानावर होतं ते.

गेल्या वर्षी देवेश साहेब होऊन आला. चौतिशीचा, हुशार, तोंडाने तिखट. त्याला स्क्रीन कमी करायच्या होत्या. कोणती स्क्रीन तीन महिन्यांत किती वेळा उघडली, ते त्याने कॉम्प्युटरकडून मोजून घेतलं. शंभराच्या आत आकडा असलेल्या सगळ्या काढायच्या, असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं.

“नुसतं उघडण्यावरून कसं ठरवतोस रे?” माणिकने विचारलं.

“मग कशावरून ठरवू? तुमच्या मूडवरून?”

“तिथे जाऊन बघावं लागतं, कोण कसं वापरतं ते.”

“ताई, तुम्ही बघत बसलात म्हणून तर चारशे बारा झाल्या ना!”

सगळे हसले. माणिकने नाही म्हटलेल्या स्क्रीन सहाशेच्या वर होत्या, हे त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं.

“हे एवढं उरकलं की रजिस्टर बंद,” देवेश म्हणाला. “तुम्ही सपोर्टला बसा. फोन उचलायचे, बास.”

काढायच्या एकशे सदतीस स्क्रीनची यादी तपासून सही करायला तिच्याकडेच आली. तिने तीन दिवस घेतले. चौथ्या पानावर नंबर अठ्ठ्याऐंशी होता: खाटांचा तक्ता, घाटकोपरच्या एकाच हॉस्पिटलसाठी केलेला. उघडल्याचा आकडा, एक्याण्णव. म्हणजे दिवसाला एकदा.

तिथे काय चालतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी सातला सिस्टर ती स्क्रीन उघडून काउंटरमागच्या मोठ्या टीव्हीवर लावते, आणि मग दिवसभर कोणी तिला हात लावत नाही. कुठली खाट रिकामी, कुठली भरली, येताजाता जो तो मान वर करून बघतो. उघडते एकदा, बघतात दिवसभर.

माणिकने ती ओळ खोडायला पेन टेकवलं. मग मीटिंगमधलं हसणं तिच्या डोक्यात गेलं. पड तोंडघशी, ती मनात म्हणाली. ओळ तशीच ठेवून तिने खाली लिहिलं, ‘सर्व तपासले’, आणि सही ठोकली.

रविवारी रात्री यादीतल्या स्क्रीन काढल्या गेल्या. सोमवारी सकाळी सव्वासातला घाटकोपरहून हेड नर्स तेजलचा फोन आला.

“ताई, आमचा तक्ता कुठे गेला? टीव्ही कोरा आहे.”

“पोरं ऑफिसात आली की बघते.”

दहाला पुन्हा. आता आवाज चढलेला. “कागदावर लिहितोय आम्ही. दोन मजल्यांचे कागद जुळत नाहीत. एका खाटेवर दोन पेशंट पाठवले गेले. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा सव्वादोन तास लिफ्टसमोर स्ट्रेचरवर पडून होते. त्यांच्या मुलाने माझ्या अंगावर फाइल भिरकावली. तुम्हाला न विचारताच काढला ना? तुम्ही असतात तर होऊच दिलं नसतं.”

रजिस्टर उघडून, पोरांना शेजारी बसवून माणिकने चाळीस मिनिटांत तक्ता परत लावून घेतला.

चारला भाऊरावांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. देवेशने यादी टेबलावर आपटली. “सही यांची आहे.”

भाऊरावांनी कागद पाहिला. “एकशे सदतीस ओळी आहेत, माणिक. एक नजरेतून सुटली असेल. तसं लिहून दे, विषय संपला. नुसत्या मोजणीवर भागत नाही, हे आज दिसलंच. रजिस्टर चालू राहील. तुझी जागाही.”

“वय झालं की सुटायचंच,” देवेश म्हणाला. चूक तिच्या नजरेवर ढकलली जात होती, म्हणून त्यालाही ते सोयीचं होतं.

कोरा कागद तिच्यापुढे सरकला. नजरेतून सुटली. दोन शब्द. अठरा वर्षांत तिच्या नजरेतून एकही स्क्रीन सुटली नव्हती, आणि आता याच्या देखत तसं लिहायचं?

“सुटली नव्हती,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वाचली, थांबले आणि सोडली. याची जिरवायची होती मला.”

देवेश उसळला. “बघा भाऊ! मी पहिल्यापासून सांगतोय, ही बाई—”

“तू गप्प बस,” माणिक म्हणाली. “तुझी पद्धत आजही चुकीची आहे आणि उद्याही चुकीचीच असेल. पण तुला ते कळत नव्हतं. मला कळत होतं.”

भाऊरावांनी चष्मा काढला. “मग मी तुला ठेवू कशी?”

“ठेवू नका.”

खाली गेटपाशी येऊन तिने तेजलला फोन लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. पलीकडे वॉर्डची घंटा वाजत होती.

“आजोबा पाणी पाणी करत होते,” तेजल म्हणाली. “ऑपरेशन होतं म्हणून देताही येत नव्हतं.”

“तेजल, मी—”

फोन बंद झाला होता. माणिकने तो परत लावला नाही.