पाणलावा दिसला, पण बायकोला

मंडळी, सकाळपासून जळफळाट चाललाय, म्हणून सायबर कॅफेत येऊन तुम्हा पक्षीवेड्यांना हा मेल टाकतोय.

आज बायको पहिल्यांदाच माझ्याबरोबर बेलापूरच्या खाडीकडे आली. थर्मास घेऊन.

"अहो, ते काय?" डबक्याकाठच्या गवतात तिलाच दिसलं. लालसर मानेचा एक पक्षी, शेजारी मळकट दुसरा, त्याच्यामागे पिल्लं.

मी दुर्बिणीतून ऐटीत म्हणालो, "रंगीत तो नर. पिल्लांबरोबर आई."

"कशावरून? बाबा नसेल कशावरून?"

पुस्तक उघडलं. रंगीत पाणलावा! पाच वर्षं मी ज्याला शोधतोय, तोच. यांच्यात मादी रंगीत असते आणि पिल्लं नर सांभाळतो.

ती हसलीसुद्धा नाही. "घ्या, चहा प्या," एवढंच म्हणाली.

खरं सांगा, पुढच्या रविवारी तिला न उठवता निघालो, तर फार वाईट दिसेल का?