आत्याच्या दुकानाची किल्ली

आमची आत्या घड्याळं दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरते, तेव्हा शेजारी कुणी शिंकलेलंही तिला खपत नाही. तिला बायपोलरचा आजार आहे. लपवायचं कशाला?

गेल्या वर्षी उन्माद चढला. तीन दिवस झोप नाही, तोंडाला खळ नाही. गिऱ्हाइकांची चाळीस घड्याळं एकदम खोलून तिने सगळे भाग एकाच ताटात ओतले. बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, दुकानाला कुलूप ठोकून किल्ली खिशात टाकली. गोळ्यांनी डोकं निवलं, पण हात थरथरू लागले. चिमटा धरवेना. बाबा म्हणाले, "पुरे झालं. आता घरी बस." मला त्यांचा भयंकर राग आला.

आत्या कसली बसते! डॉक्टरीणबाईंनी चुंबकाने मेंदूला टिचक्या मारायच्या उपचाराबद्दल सांगितलं. उन्मादावर त्याची अजून चाचपणीच चालू आहे, खात्री नाही, गोळ्या बंद होणार नाहीत, जमलं तर कमी करू, असंही बजावलं.

"चुंबक लागलं की घड्याळ पुढे पळतं, हे तूच सांगतेस," बाबा कडाडले. "तुझं डोकं आधीच पळतंय!"

"आणि पळणारं घड्याळ जागेवर कशाने येतं? माझ्या टेबलावरच्या चुंबकानेच ना? माझा धंदा मला शिकवू नकोस, दादा."

रोज वीस मिनिटं ती दवाखान्यातल्या खुर्चीत बसायची. कपाळाच्या उजवीकडे यंत्र टकटकायचं. धातूच्या वस्तू बाहेर ठेवा, अशी ठळक पाटी होती. बाबा मात्र मिनिटं मोजायला मनगटावरचं घड्याळ बाहीखाली लपवून तिच्या डोक्याशी चिकटून बसायचे. घाबरले होते, पण कबूल करतील तर शपथ.

सहा आठवड्यांनी गोळ्या कमी झाल्या, हात स्थिर झाले. तरी बाबा किल्ली देईनात. "पुन्हा झटका आला तर?"

त्यात त्यांचंच घड्याळ रोज पंधरा मिनिटं पुढे पळू लागलं. दोन दुकानं झाली, गुण येईना. शेवटी झक मारत त्यांनी ते बहिणीपुढे धरलं.

तिने ते कानाला लावलं आणि खो खो हसली. "बाहीखाली लपवलं होतंस ना? चुंबक लागलंय याला. उतरवायचं यंत्र दुकानात आहे. चल, उघड."

बाबांनी कुलूप उघडलं. आत्याने यंत्राचं बटण दाबलं, घड्याळ त्यावरून हळूच मागे ओढलं आणि त्यांच्या मनगटावर बांधलं. मग कुलपातली किल्ली काढून कमरेला खोचली.

"झटका आला तर पुन्हा त्या खुर्चीत बसेन," ती चाळीस घड्याळांचं ताट पुढ्यात ओढत म्हणाली. "तेव्हा तू घड्याळ घरी ठेवून ये."